भिंतीपलीकडे कोण बसतं

एक्स-रेच्या खोलीत पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस आधी मशीनकडे बघतो. खोब्रागडे सर खोलीत शिरायचेच नाहीत. दवाखान्याच्या पायरीपर्यंत यायचे, आतल्या लोकांना मान हलवून नमस्कार करायचे आणि इमारतीला वळसा घालून मागच्या अंगाला चालू लागायचे.

"सर, मशीन इकडं हाय. तुम्ही तिकडं काहून चालले?" आतला टेक्निशियन गोंधळून ओरडायचा.

"मशीन कुठं पळून चालली? बोल्टानं कसून ठेवली हाय तिले. भिंतीच्या पलीकडं कोण बसते ते पाहून येतो."

मागे एखादी बोळ असे, कुठे शेजाऱ्याचं अंगण, कुठे सायकली लावायची जागा. सर त्या जागी जाऊन उभे राहायचे. कट्टा असेल तर त्यावर बसायचे, भिंतीला पाठ टेकून, दहा मिनिटं. मग खिशातून वही काढून काहीतरी लिहायचे आणि तेव्हा कुठे आत यायचे. एक्स-रेवाल्या लोकांत त्यांचं नाव 'भिंतवाले सर' असं पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

ते पदार्थविज्ञानाचे माणूस. सरकारी रुग्णालयात किरणांचं मोजमाप करण्यात त्यांची सारी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर नागपुरातल्या आणि आसपासच्या लहान लहान एक्स-रे केंद्रांची तपासणी करायचे. मशीनमधून किरण ठरल्याएवढेच निघतात का, ठरल्या जागीच पडतात का, दाराच्या फटीतून किती बाहेर येतात, हे मोजून अहवाल द्यायचा. तो अहवाल परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे जाई.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. आमच्या वाचनालयात ते निवृत्तीनंतर रोज दुपारी येऊन बसत. दोन वर्षं आमच्यात 'पंखा वाढवू का' यापलीकडे बोलणं नव्हतं. एक दिवस ते एक कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "ग्रंथपाल, हे मराठी बरोबर हाय का सांगा."

कागदावर लिहिलं होतं, 'गर्भधारणेची शक्यता असल्यास तत्पूर्वी संबंधितांस अवगत करावे.'

"बरोबर आहे," मी म्हणालो, "पण कळणार कोणाला?"

ते हसले. हसताना त्यांचे खांदे हलत, आवाज येत नसे. मी खाली लिहून दिलं, 'पोटात बाळ असेल, किंवा असेल असं वाटत असेल, तर फोटो काढायच्या आधी सांगा.' त्यांनी ते दोनदा वाचलं आणि 'किंवा असेल असं वाटत असेल' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मला वाटलं ते खोडणार. ते म्हणाले, "हे महत्त्वाचं हाय. हे मले सुचलं नसतं."

पाटी झाली. पण ती लावायची कुठे यावर त्यांचं कामठीच्या एका डॉक्टरशी अर्धा तास वाजलं. डॉक्टरांना ती बाहेर, बाकांसमोर हवी होती, सगळ्यांना दिसेल अशी. सरांना ती कपडे बदलायच्या आडोशात हवी होती, आतल्या बाजूने, स्टुलावर बसलं की डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर.

"तिथं कोण वाचन, सर?"

"जिनं वाचाले पाहिजे तीच वाचन. तिथं ती एकटी असते."

नोकरीत असताना एक नवी सून त्यांच्या डोळ्यांदेखत फोटोला उभी राहिली होती. टेक्निशियनने विचारलं तेव्हा तिची सासू शेजारी होती. सून 'नाही' म्हणाली. सरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं, पण पुन्हा विचारण्याचा अधिकार त्यांचा नव्हता, ते गप्प बसले. पुढे काय झालं ते त्यांना कळलं नाही. "काही झालंही नसन," ते म्हणाले. "छातीच्या फोटोत पोटापर्यंत फार कमी जाते. पण ते 'नाही' मले अजून ऐकू येते." एवढंच. त्यानंतर प्रत्येक आडोशात पाटी.

माझी निवृत्ती झाली आणि त्यांचे गुडघे गेले, हे साधारण एकाच सुमारास घडलं. मग त्यांचं सामान मी उचलू लागलो. एका पिशवीत मोजमापाचं यंत्र आणि दुसऱ्या हातात रिकामा प्लास्टिकचा कॅन. त्या कॅनला ते 'पेशंट' म्हणत. माणसाचं शरीर बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे पाण्याने भरलेला कॅन मशीनसमोर ठेवला की किरण त्याच्यावर आदळून जवळजवळ तसेच चहूकडे विखुरतात जसे माणसावरून विखुरतात. खोलीत शिरल्यावर ते टेक्निशियनला म्हणायचे, "पेशंटले पाणी पाजा."

रामटेकच्या बसमध्ये एकदा कंडक्टरने कॅनकडे बोट दाखवून विचारलं, "काका, हा रिकामा डबा घेऊन कुठं चालले?"

"डबा नाही, पेशंट हाय."

"मंग याचं हाफ तिकीट फाडू का?"

"फाडा ना. पण मंग त्याले सीट द्याल का?"

सगळी बस हसली. सर खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. त्यांना असं लोकांत हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

त्यांच्या घरी मी जाऊ लागलो तेव्हा आधी नजरेत भरला तो एक लोखंडी गोल पाइप. भिंतीत आडवा ठोकलेला, आणि त्यावर त्यांचे शर्ट मधोमध टाकलेले. किरणांपासून बचावासाठी अंगात घालायचा शिशाचा एप्रन घडी घालून ठेवला की आतलं शिसं घडीवर तडकतं, म्हणून तो गोल दांड्यावर टाकायचा असतो. दवाखान्यादवाखान्यांत एप्रनची घडी दिसली की ते चिडायचे, आणि त्या सवयीने घरच्या शर्टांचीही घडी मोडली होती. मी थट्टा केली, तर म्हणाले, "सुलभाही हसायची." सुलभाताई त्यांच्या पत्नी. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या फ्लॅटच्या एका अंगाला जिन्याची मोकळी जागा आणि दुसऱ्या अंगाला कायम कुलूप लावलेला फ्लॅट. एकदा चहा गाळताना ते सहज म्हणाले, "माझ्या दोन्ही भिंतींच्या पलीकडं शून्य हाय, ग्रंथपाल." मी साखर किती ते सांगितलं.

हे शून्य म्हणजे त्यांच्या शास्त्रातला एक हिशेब होता. खोलीची भिंत किती जाड हवी, तिच्यावर शिशाचा पत्रा हवा की नको, हे नुसत्या मशीनवरून ठरत नाही. पलीकडे माणूस किती वेळ असतो यावरही ठरतं. कचेरी असेल तर पूर्ण वेळ धरायचा, व्हरांडा असेल तर थोडा, जिना असेल तर अगदी थोडा. कारण जिन्यावर कोणी राहत नाही, येतं आणि जातं. हे सगळं एका तक्त्यात छापलेलं असतं. सर तक्ता मानत, तरी स्वतः जाऊन बसत.

आणि तरीही त्यांची चूक झाली.

इतवारीत, कापडाच्या बाजारामागच्या बोळीत, एक एक्स-रे केंद्र होतं. छातीचा फोटो काढायला माणूस ज्या स्टँडला छाती टेकून उभा राहतो, तो स्टँड मागच्या भिंतीला लावलेला. म्हणजे किरणांचा झोत सरळ त्या भिंतीवर. भिंत अर्ध्या विटेची, पातळ. पलीकडे जिना. सरांनी त्या केंद्राची तीनदा तपासणी केली होती आणि तिन्ही वेळा नकाशावर लिहिलं होतं, 'जिना. वावर तुरळक. भिंत पुरेशी.'

त्या दिवशी आम्ही इतवारीत गेलो ते माझ्या कामासाठी. माझ्या पत्नीच्या दोन साड्यांना फॉल लावायचा होता. दुकानदाराने बोट दाखवलं, "मागच्या बोळीत जा, जिन्याखाली पुष्पाबाई बसते." सर यंत्राची बॅटरी घ्यायला आले होते, ते माझ्याबरोबर चालू लागले. बोळीत वळलो आणि त्यांची चाल मंदावली. मग ते थांबले. मी दोन पावलं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

जिन्याखाली शिलाई मशीन, वर एक बल्ब, बाजूला रंगीत रिळांचा डबा, आणि भिंतीला पाठ लावून पन्नाशीची एक बाई पायडल मारत होती.

"या भाऊ, फॉल लावाचा का? मॅचिंग माझ्यापाशीच हाय."

मी पिशवी पुढे केली. सरांनी तिला विचारलं, "बाई, तुम्ही रोज इथं बसता?"

"रोजच. रविवारी मले सुट्टी रायते."

"किती वर्षं झाले?"

"पोरगी दहावीत होती तवापासून. आता तिच्या कडेवर पोरगं हाय. सहा-सात वर्षं धरा." मग पायडल थांबलं. ती आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघू लागली. "काहून? जागा तुमची हाय का?"

"नाही. जागा माझी नाही," सर म्हणाले.

परत येताना ते रस्त्यातच उभे राहून म्हणाले, "तीनदा गेलो, ग्रंथपाल. तिन्ही वेळा रविवारी."

तपासणी रविवारीच होई. त्या दिवशी केंद्र बंद, पेशंट नाहीत, डॉक्टरांची कमाई बुडत नाही. आणि सरांनाही रविवार काढायचाच असे. पण ज्या दिवशी केंद्र बंद असतं त्या दिवशी बाजारही बंद असतो, आणि भिंतीपलीकडचा माणूसही घरी असतो. सर त्या जिन्याखाली स्वतः बसले होते. शेजारी ताडपत्रीखाली काहीतरी साखळीने बांधलेलं त्यांनी पाहिलं होतं. वहीत नोंदही होती, 'जुनं सामान'.

दुसऱ्या दिवशी पेशंट यायच्या आत त्यांनी तिथे मोजमाप केलं. कॅन भरून स्टँडपाशी ठेवला. मी आत टेक्निशियनजवळ उभा होतो. सर पलीकडे, पुष्पाबाईंच्या स्टुलावर. मी ओरडून विचारायचो, "सर, द्यायचं?" आणि भिंतीमागून त्यांचा आवाज यायचा, "द्या." तसं बऱ्याच वेळा झालं.

वर्षभराचा हिशेब लावल्यावर आकडा आला तो सामान्य माणसासाठी आखलेल्या वार्षिक मर्यादेच्या दीडपट. फार मोठा नव्हता. त्याने कोणाला काही होतं असं कोणी दाखवू शकलं नसतं. पण तो मर्यादेच्या वर होता आणि तो सहा-सात वर्षं रोज जमा झाला होता.

केंद्राचे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांना बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "सर, मी घरमालकाशी बोलतो. बाईला दुसरीकडे बसवतील."

"दुसरीकडं कुठं? तिच्या ओळखीचं गिऱ्हाईक या बोळीत हाय."

"ते बघतील काहीतरी. तुम्ही कशाला त्रास घेता? बाई उठली की जिना रिकामा. मग भिंत पुरेशी. तुमचे आधीचे तिन्ही अहवाल बरोबर ठरतात."

सरांनी चहा अर्धा ठेवला. मला वाटलं ते तिथेच नाही म्हणतील. ते उठून बाहेर पडले.

निवृत्तीनंतरही आम्ही दोघं दुपारी वाचनालयात बसत असू, पण पुढचे दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो तर टेबलावर कागदांचा ढीग. कार्यालयाला पाठवायचं पत्र त्यांनी लिहिलं होतं. माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "भाषा पाहा." त्यात एक वाक्य होतं, 'मी तिथे बसणारी व्यक्ती पाहिली नाही.' मी ग्रंथपालाच्या सावधपणाने सुचवलं की 'निरीक्षणाच्या वेळी व्यक्ती आढळून आली नाही' असं लिहिता येईल, ते खोटंही नाही.

"ते बरोबर मराठी हाय," ते म्हणाले, "पण त्यात मी कुठं हाय?"

मूळ वाक्य राहिलं. नकाशा त्यांनी नव्याने काढला. जिन्याखाली एक लहानसा चौकोन, आणि त्यात अक्षरं, 'पुष्पाबाई. फॉल-पिको. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. पूर्ण वेळ.' खाली शिफारस, की भिंतीवर शिशाचा पत्रा बसेपर्यंत छातीचे फोटो काढू नयेत. आता तिला उठवून भागणार नव्हतं. कागदावर ती तिथे बसली होती.

मग ते तिला सांगायला गेले. मला वाटलं थोडक्यात सांगतील. त्यांनी सगळं सांगितलं. झोत, भिंत, वर्षं, आणि स्वतःचे तीन रविवार. ती दोरा ओवत ऐकत होती.

"मंग मले काही होईन का?"

"बहुतेक काहीच नाही. सगळ्या वर्षांचं मिळून, पोटाचं एक सीटी स्कॅन काढलं तर जेवढं जाते तेवढं तुमच्या अंगात गेलं असन. पण स्कॅन काढताना माणसाले विचारतात. तुम्हाले कोणी विचारलं नाही. मी विचाराले पाहिजे होतं."

दोरा सुईतून निसटला, तिने पुन्हा ओवला. "डॉक्टर तर म्हणत होते, भिंतीले ओल हाय म्हणून काम काढणार."

"ओल नाही."

"अन् हे सांगाले तुम्ही एवढे लांबून आले?" तिला राग आला होता की नवल वाटलं होतं, मला ठरवता आलं नाही. मग तिने तोच प्रश्न विचारला जो तिच्या मनात पहिल्या दिवसापासून होता. "आता मी उठू का इथून?"

"नाही. तुम्ही बसून राहा. भिंत बदलन."

भिंत बदलायला तीन आठवडे लागले. त्या काळात घरमालक दोनदा येऊन गेला. सर रोज दहा वाजता जाऊन जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसत. वर्तमानपत्र वाचत. पुष्पाबाईंनी एकदा मला हळूच विचारलं, "या सरायले घरी कोणी नाही का वं... का भाऊ?" चुकून तोंडातून बायकांचं संबोधन गेलं म्हणून ती स्वतःच हसली. मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यातली एक पोळी सरांना मिळू लागली. पत्रा बसला, सरांनी पुन्हा मोजलं, यंत्राचा काटा जागचा हलला नाही.

त्यानंतर त्यांना कोणी बोलावेना. "स्वतःचीच तक्रार करणारा माणूस आपली काय गय करणार," असं एका केंद्रचालकाने मला तोंडावर सांगितलं. सरांनी ते मनावर घेतलं असं दिसलं नाही. त्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि रविवारी केलेल्या प्रत्येक तपासणीची यादी केली. मग एकेका ठिकाणी, कोणी न बोलावता, कामाच्या दिवशी जायला सुरुवात केली. आत जायची परवानगी मिळाली तर कॅन भरायचा, नाही मिळाली तर नुसतं मागे जाऊन बसायचं. एका ठिकाणी भिंतीला टेकून पानठेला निघाला, पण भिंत दणकट होती. एका ठिकाणी चौकीदाराची खुर्ची सापडली, ती हलवायला तो स्वतःच आनंदाने तयार झाला, कारण पलीकडे सावली होती. बाकी बहुतेक ठिकाणी सगळं ठीक होतं. मी दोनदा म्हणालो, आता पुरे. ते म्हणाले, "यादी संपू द्या."

यादी संपली आणि आठवड्याभरात ते गेले. दुपारी झोपेत हृदय थांबलं. दूधवाल्याला दार उघडलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कळलं, कारण भिंतीपलीकडे ऐकायला कोणी नव्हतं. पुण्यानुमोदनाला पंधरा-वीस माणसं होती. बुद्धवंदना झाली, रुग्णालयातले एक जुने सहकारी दोन शब्द बोलले. पुष्पाबाई आल्या होत्या. त्या दिवशी मंगळवार होता, त्यांनी काम बंद ठेवलं होतं. मला म्हणाल्या, "उद्यापासून बसीन तिथंच." मी मान हलवली.

मला ते वारंवार दिसतात ते मात्र रामटेकचे. यादीतलं शेवटचं ठिकाण. केंद्राच्या मागे एक मोकळा तुकडा, त्याच्या कडेला सिमेंटचा बाक, पुढे धानाची बांधी, भाताचं खाचर. आत कॅन ठेवून मोजून झालं होतं. आकडा जरासा वर होता, म्हणजे बाकावर कोणी रोज बसत असेल तर पत्रा हवा, नसेल तर नको. सर म्हणाले, "मी बसतो. तुम्ही गडावर जाऊन या." मी देवळात गेलो, वर बराच वेळ रेंगाळलो, पाच वाजता उतरलो.

कुंपणापाशी आलो तेव्हा त्यांनी मला पाहिलं नव्हतं. वही मांडीवर उघडी होती. नंतर मी ती वाचली, 'सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. कोणी नाही.' उन्हं बांधीवर तिरपी झाली होती. तीन-चार माणसं सहज बसतील एवढा तो बाक, आणि सर त्याच्या अगदी टोकाला, अंग चोरून बसले होते. बाकीची सगळी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.